कुणाचीच आत्या नसलेली नर्स

रविवारी जेवणं उरकली की भरती बघून आमच्या नाइसोरो गावातून शाळेची बोट सुटते. मोठ्या वर्गांची शाळा दोन खाड्या पलीकडे आहे. मुलं आठवडाभर तिथल्या वसतिगृहात राहतात आणि शुक्रवारी संध्याकाळी मळक्या कपड्यांचं गाठोडं घेऊन परत येतात. वासेमादा दर रविवारी किनाऱ्यावर उभी राहून बोटीत चढणाऱ्या मुली मोजते. दोन वर्षांपूर्वी चौदा होत्या. मी सांगतोय त्या वर्षी नऊ.

कमी झालेल्या पाच जणी कुठे गेल्या हे शोधावं लागलं नाही. त्या गावातच होत्या, कडेवर मूल घेऊन. सगळ्यांत मोठी होती सतरा वर्षांची. पाचांतली एक, रानादी, ही वासेमादाची थोरली मुलगी. उरलेल्या नवांतली एक, केलेरा, ही धाकटी.

वासेमादा आमच्या गावाची आरोग्यसेविका. अकरा वर्षं ती घरोघरी जाऊन डासांची पिंपं उपडी करते, हात धुवायला लावते, चहातली साखर काढून घेते. "प्रत्येक घरात प्रत्येक आजाराबद्दल बोलले," ती मला म्हणाली होती. "एका घरात एका गोष्टीबद्दल तोंड उघडलं नाही, आणि ते घर माझंच निघालं."

हे ती मला सांगू शकली, कारण मी तिचा आतेभाऊ. आमच्यात आते-मामे भावंडांनी एकमेकांची टर उडवायचीच असते. चार दिवस उडवली नाही तर लोक विचारतात, भांडण झालंय का. सख्ख्या, चुलत आणि मावस भावाबहिणींचं मात्र अगदी उलट. ती मोठी झाली की एकमेकांशी थेट बोलत नाहीत, आणि बहिणीच्या देखत भावाच्या कानावर शरीराचा विषय पडला तर तो त्या दोघांचा, त्यांच्या घरांचा आणि मेलेल्या पूर्वजांचा अपमान असतो. आता आमचं गाव एकशे नव्वद माणसांचं. त्यांत माझ्या बहिणी सदतीस. असं प्रत्येकाचं. म्हणजे कुठल्याही चार माणसांना एका चटईवर बसवा, त्यांत एक भाऊ आणि एक बहीण निघतेच आणि विषय संपतो.

तरीही गाव हातावर हात ठेवून बसलं होतं असं कुणी म्हणू नये. गावसभेचं इतिवृत्त मी लिहितो. राजधानीत, सुव्याच्या सरकारी कचेरीत बावीस वर्षं हेच केलं, गावी परतल्यावर दुसरं काही येत नाही हे लोकांच्या लगेच लक्षात आलं. त्यामुळे मी खात्रीने सांगतो की त्या पाच मुलींपायी गावसभेने दोन वर्षांत सात ठराव केले, सातही सर्वानुमते. संध्याकाळी सातला लाकडी ढोल वाजेल, त्यानंतर तरुणांनी घराबाहेर दिसू नये. याआधी मुलं सौरदिव्याखाली, गावाच्या डोळ्यांदेखत, बाकावर बसून हसत असत. ठरावानंतर ती दिसेनाशी झाली, म्हणजे ठरावाचं पालन झालं. मुलींनी आखूड पँट घालू नये. व्हॉलीबॉलचं मैदान बंद. बुधवारी गावाने उपास करावा. बुधवारी मुलं वसतिगृहात असतात आणि तिथे बुधवारी मासा असतो.

सातही ठरावांत मिळून 'मुली' हा शब्द एकवीस वेळा आला आहे. 'मुलगे' एकदा: व्हॉलीबॉलचं जाळं मुलग्यांनी सोडून आणावं.

ऑगस्टमध्ये वासेमादाने जिल्ह्याच्या नर्सला बोलावलं. गावकारभारी सेतारेकीला तिने "कुटुंबाचं आरोग्य" एवढंच सांगितलं होतं. सेतारेकी भला माणूस. त्याने समाजमंदिर झाडून घेतलं, नव्या चटया घातल्या, यांगोनाचं, म्हणजे मुळं कुटून केलेल्या पेयाचं, मोठं लाकडी भांडं मांडलं, करवंट्या भरभरून सगळ्यांना पाजली. मग नर्सने शरीराचा तक्ता भिंतीवर टांगला आणि पहिल्याच वाक्यात, शांतपणे, पुस्तकातला एक शब्द उच्चारला.

सेतारेकी उठला. "डुक्कर सुटलंय वाटतं," तो म्हणाला.

"कुठे? मीपण येतो," पाळकसाहेब म्हणाले.

पाच मिनिटांत एकशे चाळीस माणसं डुकरामागे गेली. गावात एवढी डुकरं नाहीत. समाजमंदिरात उरलो नर्स, वासेमादा, वही घेऊन मी आणि ठार बहिरे तेविता आजोबा. नर्सचं संपेपर्यंत आजोबा मन लावून तक्ता बघत होते. शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी वासेमादाला रीतसर माफी मागावी लागली. देवमाशाचा दात पुढे ठेवून, मान खाली घालून, गावातल्या सगळ्या भावांची आणि सगळ्या बहिणींची. सेतारेकीने दात हातात घेतला, माफी दिली आणि वर अट घातली: समाजमंदिरात हा विषय त्याच्या परवानगीशिवाय निघणार नाही. परवानगीचा विचार तो नाताळानंतर करील.

शाळा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुटते आणि जानेवारीच्या शेवटी उघडते. पाचही बाळांचे वाढदिवस मला माहीत आहेत, सप्टेंबर आणि ऑक्टोबर. हिशोब कुणीही करावा. नाताळानंतर म्हणजे पावसानंतर छत शाकारण्यासारखं होतं.

त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती चुलीपाशी बसून नारळ खवत होती, जरा जास्तच जोरात.

"लिहिलंस का?" तिने वर न बघता विचारलं.

"काय?"

"वासेमादाची अक्कल गेली म्हणून."

"सर्वानुमते."

"मेल्या, हसू नकोस. सात आठवडे सुट्टी. केलेरा सोळाची आहे. त्या नवांतली एकही पोर मला जानेवारीत किनाऱ्यावर, वाळूत, उभी राहिलेली दिसता कामा नये. संशय जरी आला तरी घरचे पोरीला बोटीत बसवत नाहीत. सगळ्या बोटीत हव्यात."

"मग फक्त बायकांना बोलव. तिथे कुठे भाऊ?"

"बोलावलं नव्हतं का जूनमध्ये? सुनियाच्या पोरीने एक प्रश्न विचारला, साधा, चांगला प्रश्न. तिथे तिच्या तीन आत्या बसलेल्या. संध्याकाळपर्यंत तो प्रश्न तिच्या बापाकडे, आणि रात्रीच्या जेवणाला गावात प्रत्येकाकडे त्या प्रश्नाचं उत्तर तयार, की ही पोर असलं का विचारते. त्यानंतर कोण विचारेल?" तिने खवणीवरून हात काढला. "इलाई, माझी खरी अडचण काय आहे सांगू? मी या गावात प्रत्येकाची कुणीतरी आहे. पोरगी माझ्याकडे आली तर ती नर्सकडे येत नाही, आत्याकडे येते. आणि आत्या म्हणजे बापाचाच कान."

"मग कुणाचीच आत्या नसलेली नर्स आण."

"आणली होती की. सगळे डुकरामागे गेले."

आमच्या दोघांच्याही डोक्यात त्या दिवशी पुढचं काही आलं नाही. ते आलं ऑक्टोबरमध्ये, तेविता आजोबांच्या मयताला.

मयताला मोताराकी बेटावरची माणसं आली होती. ती आमची ताऊवू. त्यांचा मूळ देव आणि आमचा मूळ देव भाऊभाऊ, कंदाच्या एका टोपलीवरून भांडून वेगळे झालेले. तेव्हापासून असं ठरलं आहे, की मोताराकीकरांनी आमच्या गावात यावं, हवं ते उचलावं, तोंडाला येईल ते बोलावं आणि आम्ही हसावं. आम्ही तिकडे गेलो की उलट. रागवायचं मात्र नाही. ताऊवूवर रागावलेला माणूस आजारी पडतो. मी कॉलेज शिकलो आहे, माझा यावर विश्वास नाही, आणि मी कधी रागावलेलो नाही.

मयताचं जेवण चालू असताना मोताराकीची एक म्हातारी सेतारेकीपाशी आली, त्याच्या डोक्यावरची नवी टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि दोनशे माणसांसमोर त्याला म्हणाली, "एवढ्या मोठ्या पोटाखाली तुझं बाकी सगळं अजून जागच्या जागी आहे का रे, की भरतीला वाहून गेलं?"

सेतारेकीच्या तीन बहिणी समोर बसलेल्या. सेतारेकी हसला. पोट धरून, टाळ्या वाजवून हसला. बहिणीही हसल्या.

वासेमादाने मला कोपर मारलं. "बघितलंस?"

"टोपी गेली बिचाऱ्याची."

"टोपी गेली खड्ड्यात. ती काय म्हणाली ते ऐकलंस? ते मी म्हटलं असतं तर?"

"आणखी एक दात."

"आणि हा हसतोय," ती म्हणाली. तिने हातातला अळूचा कंद पानावर ठेवला आणि पुसलेलेच हात पुन्हा पुसले. "ती म्हातारी कोण आहे?"

चौकशी केली. नाव तोरिका. मोताराकीत सगळे तिला बुबू म्हणतात, म्हणजे आजी. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती.

दोन दिवसांनी वासेमादा यांगोनाच्या मुळांची जुडी घेऊन उघड्या होडीतून तीन तास हेलकावे खात मोताराकीला गेली. मी सोबत गेलो, कारण मला पोहता येतं आणि तिला येत नाही, हे तिने तिथे पोचल्यावर सांगितलं. तोरिका बुबूने तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. सेतारेकीची टोपी तिच्या डोक्यावरच होती.

"म्हणजे मी येऊन शिव्या द्यायच्या," बुबू म्हणाली, "की नर्सिंग करायचं?"

"दोन्ही, बुबू. एकदमच."

"तीस वर्षं नर्सिंग करताना हेच करावंसं वाटत होतं. सरकार परवानगी देत नव्हतं."

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी मोताराकीची होडी आमच्या किनाऱ्याला लागली. बारा माणसं उतरली. अर्ध्या तासात त्यांनी नऊ कोंबड्या, पाळकसाहेबांची छत्री, माझी वाचायच्या चष्म्याची रिकामी डबी आणि कुणाच्या तरी दोरीवरचा वाळत घातलेला पडदा ताब्यात घेतला. गाव खुशीत होतं. ताऊवू बोलावल्याशिवाय आले म्हणजे शुभ असतं, आणि ते बोलावून आले आहेत हे मी कुणाला सांगितलं नाही. इतिवृत्तात फक्त बैठकीत घडलेलं येतं.

दुपारी सगळे समाजमंदिरात जमले. नऊ मुली होत्या, शाळेतले मुलगे होते, त्यांचे आईबाप, आत्या, मामा, सगळे. यांगोनाच्या दोन फेऱ्या झाल्या. तोरिका बुबू मधोमध उभी राहिली.

"नाइसोरोच्या लोकांनो," ती म्हणाली, "तुमचा देव आमच्या देवाचा धाकटा भाऊ. धाकट्याला अक्कल कमी म्हणून टोपली आम्हाला मिळाली. पण तो इतका मठ्ठ असेल असं वाटलं नव्हतं. दोन वर्षांत पाच पोरी शाळेतून घरी बसल्या, आणि तुम्ही काय केलंत? व्हॉलीबॉलचं जाळं सोडलंत!"

लोक हसले. मग तिने तोच शब्द उच्चारला, ऑगस्टमधला, पुस्तकातला नव्हे तर गावातला. हसू थांबलं. सेतारेकी गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागला.

"डुक्कर..."

"तुझं डुक्कर सकाळीच आमच्या होडीत चढलंय," बुबू म्हणाली. "बांधून ठेवलंय. तू बस."

दाराशी मोताराकीचे दोन दांडगे पुरुष मांडी घालून बसले होते. एकाच्या हातात पाळकसाहेबांची छत्री होती.

"बुबू," सेतारेकी अजिजीने म्हणाला, "अहो, इथे आमच्या बहिणी बसल्यात."

"बसू देत की. मी तुझ्या बहिणीशी बोलतेय का? मी तुझ्या गावाला शिव्या देतेय. ताऊवूच्या शिव्या खाताना कोण कुणाची बहीण हे आधी मोजायचं असतं? मयताच्या दिवशी तुझ्या पोटाबद्दल बोलले तेव्हा मोजलं होतंस? इलाई, तू सगळं लिहून ठेवतोस ना? लिहिलंय का असं कुठे?"

दीडशे माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी वही उघडली, पानं उलटली, चष्मा पुसला.

"नाही, बुबू. असं कुठेही लिहिलेलं नाही."

सेतारेकीने माझ्याकडे असं बघितलं की मी ताऊवू नाही हे माझ्या नीट लक्षात आलं. मग तो खाली बसला. त्याला राग यायला हवा होता, पण राग आला तर आजार होतो, आणि त्याला आधीच रक्तदाब आहे.

पाऊण तास बुबूने आमच्या गावाला शिव्या दिल्या. दिवस कसे जातात हे तिने शिव्यांत सांगितलं, कसे जात नाहीत हेही शिव्यांत सांगितलं. कुठली गोळी, कुठलं इंजेक्शन, पाकिटात काय असतं, कोणत्या गोष्टींनी काहीच होत नाही. "तुमची पोरं होडीचं इंजिन उघडून परत जोडतात, आणि स्वतःचं शरीर कसं चालतं विचारा, तोंडं बघा! आणि तुम्ही आईबाप! पँटची लांबी मोजता! पँट आखूड म्हणून आजवर जगात कुणाला दिवस गेलेत?" मुली चटईकडे बघत होत्या, पण कान टवकारलेले दिसत होते. पहिल्या दहा मिनिटांत भावाबहिणींनी माना विरुद्ध दिशेला वळवल्या, तेवढं आपापसांत जमून गेलं. मग ती मुलग्यांकडे वळली. "आणि पोरगी नाही म्हणाली तर? सांगा. किती वेळा विचारायचं? अरे बोला, जीभ पण कोंबड्यांबरोबर नेली की काय आम्ही? एकदा. नाही म्हणजे नाही, तेही एकदाच ऐकायचं. दुसऱ्यांदा विचारणारा मूर्ख आणि तिसऱ्यांदा विचारणारा मोताराकीत आला तर आम्ही त्याला कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवू."

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "बुबू, या सगळ्याला प्रार्थनेचीही जोड..."

"जोड हवीच, पाळकबाबा. तुम्ही बुधवारी उपास धरलात, मी ऐकलं. मोठं मन तुमचं. पुढच्या वेळी शनिवारी धरा, मुलं तेव्हा घरी असतात."

हशा पिकला. पाळकसाहेबही हसले, आणि मला वाटतं खरंच हसले.

मग बुबूने हसणं थांबण्याची वाट बघितली. "पाच पोरी," ती म्हणाली. "मला त्यांची नावं माहीत आहेत, तुम्हालाही आहेत, गल्लीतल्या कुत्र्यांनाही आहेत. आता मला पाच पोरगे दाखवा. हात वर करा."

कुणी हात वर केला नाही.  मागच्या भिंतीशी रानादी बाळ मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान खाली घातली नाही. ती सरळ समोर बघत होती.

पाचांतला एक माझा पुतण्या. तो आता सुव्यात एका गोदामात काम करतो. हे इतिवृत्तात कुठेही नाही, कारण इतिवृत्त मी लिहितो. त्या दुपारी मी वही मिटली.

"नाही ना?" बुबू म्हणाली. "बरं. मोजायला शिका."

वासेमादा आता उठली. ती महिनाभर हे बोलणं पाठ करत होती. "सेतारेकीमामा," ती म्हणाली, "मला एक जागा हवी. बारकी. तिथे औषधांची पेटी राहील आणि आठवड्यातून एक दिवस नर्स बसेल. जागा अशी हवी की तिथे कुणी गेलं तर का गेलं हे कुणाला कळू नये. एवढंच मागते."

ही खरी गोष्ट होती. शिव्या हा पाऊस, येतो आणि जातो. जागा मिळाली नाही तर सोमवारी गाव पुन्हा जिथल्या तिथे.

सेतारेकी गावकारभारी होता, त्यामुळे त्याला काय म्हणायचं हे ठाऊक होतं. "विचार करू. एक समिती नेमू. नाताळानंतर..."

"ती समोर दिसते ती शेड कुणाची?" बुबूने खिडकीतून बोट दाखवलं.

"माझी," सेतारेकी म्हणाला. "फोन चार्ज करायची. छपरावर सौरपत्रे आहेत. अख्खं गाव तिथेच..." इथपर्यंत आल्यावर त्याला कळलं. मी त्याच्या चेहऱ्यावर ते कळताना बघितलं.

"अख्खं गाव तिथेच जातं," बुबूने वाक्य पूर्ण केलं. "छान आहे शेड. आवडली मला. घेतली."

"बुबू, अहो, कोंबडी घ्या, डुक्कर घ्या! शेड कशी घेणार? ती होडीत मावत नाही!"

"कोण म्हणालं होडीत घालणार? तिथेच राहू दे. आजपासून ती मोताराकीची. तू चार्जिंग कर हवं तेवढं, आमचं काही म्हणणं नाही. मागच्या खोलीत आमची पेटी राहील आणि शुक्रवारी शाळेच्या बोटीने, सुट्टीत आमच्या होडीने, आमची पोर येईल, लोसालिनी, माझी नात. शाळेजवळच्या दवाखान्यात नर्स आहे. इथे ती कुणाची आत्या नाही, मावशी नाही, वहिनी नाही. कुणाच्या डोक्यात तिला वहिनी करायचा विचार आला तर मी परत येईन. आणि पेटीला कुणी हात लावून ती हलवली, तर तो ताऊवूच्या मालाला हात. पुढचं तुम्हाला माहीत आहे."

सेतारेकीने समाजमंदिरभर नजर फिरवली. कुणीतरी हरकत घेईल अशी त्याला आशा होती. हरकत घ्यायची तर रागवावं लागलं असतं. शेवटी त्याने दोन्ही तळवे जुळवून पोकळ टाळ्या वाजवल्या, तीनदा, रिवाजाप्रमाणे. दिलं.

"आणि टोपी?" त्याने हळूच विचारलं.

"टोपीचा विचार नाताळानंतर करू," बुबू म्हणाली.

त्या डिसेंबरात आमच्या गावात जेवढे फोन चार्ज झाले तेवढे सुव्यातही झाले नसतील. आधी लोक आठवड्यातून एकदा शेडकडे जात. आता शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दिवसभर रांग. सेतारेकी मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "इलाई, हा सातेकी बघ, अठ्ठ्याण्णव टक्के भरलेला फोन घेऊन आलाय. आणि काल एकजण रेडिओ घेऊन आला. बॅटरीवरचा रेडिओ!"

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? लावला चार्जिंगला," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "मागच्या खोलीला पडदा नव्हता. बायकोला सांगून शिवून घेतला," असं म्हणाला आणि निघून गेला. हेही इतिवृत्तात नाही.

वासेमादाने स्वतःला दोन नियम घातले होते. लोसालिनी असेल तेव्हा शेडकडे फिरकायचं नाही, आणि कोण आलं होतं हे तिला कधीही विचारायचं नाही. अकरा वर्षं घरोघरी विचारपूस करण्यात गेलेल्या बाईला न विचारणं फार जड गेलं. शनिवारी ती मुद्दाम गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन लोकांची पिंपं उपडी करायची. त्या महिन्यात आमच्याकडे एकही डास नव्हता.

पण एक काम तिच्याऐवजी कुणी ताऊवू करू शकत नव्हता. सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात तिने केलेराला समोर बसवलं. रानादीही तिथेच कसावा सोलत होती. मला हे नंतर रानादीनेच सांगितलं.

"तुझ्या ताईला मी वेळेवर काही सांगितलं नाही," वासेमादा म्हणाली. "ती माझी चूक, तिची नाही. तुला सांगणार आहे. ऐकताना लाज वाटली तर भिंतीकडे बघ. मीपण भिंतीकडेच बघणार आहे."

मग मायलेकी अर्धा तास एकाच भिंतीकडे बघत बसल्या. केलेराने मधे एकदा विचारलं, "आई, तू हे सगळ्यांना असंच सांगतेस?"

"नाही. बाकीच्यांना नीट सांगता येतं."

शेवटी केलेराने एक प्रश्न विचारला. काय, ते रानादीने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वासेमादाने रानादीपुढचा एक कसावा उचलून हातात फिरवला. "हे तू लोसालिनीला विचार," ती म्हणाली. "मला सांगू नकोस विचारलंस की नाही ते. मी तुझी आई आहे, मला सगळ्याचं काहीतरी होतं."

त्यानंतरच्या शनिवारी मी तिच्या ओट्यावर बसलो होतो. वासेमादा जिल्ह्याच्या दवाखान्याला फोन लावत होती. त्यांच्या घरात फोन एकच, आणि तो तिच्या कानाला होता. केलेरा आतून आली. केस विंचरलेले, हातात चार्जरची वायर, नीट गुंडाळलेली.

"जरा चार्जिंगला जाऊन येते," ती म्हणाली.

वासेमादाने तिच्याकडे बघितलं, वायरकडे बघितलं, हातातल्या फोनकडे बघितलं. मी काहीतरी बोलणार होतो. आतेभावाला अशी संधी वर्षातून एकदा येते. तिने पायाने माझ्या नडगीवर असा फटका दिला की तो विनोद अजून माझ्या पोटातच आहे.

"जा," ती म्हणाली. "गर्दी असेल. लागू दे वेळ."

केलेरा पायऱ्या उतरून गेली. वासेमादाने रस्त्याकडे पाठ केली आणि फोनवरच्या माणसाला म्हणाली, "हो, हो, ऐकतेय मी." पलीकडून अजून कुणी उचललाच नव्हता.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सगळं गाव किनाऱ्यावर होतं. सेतारेकी उघड्या डोक्याने, उन्हात डोळे बारीक करून उभा होता.

"वासेमादा," तो म्हणाला, "सुट्टी तर संपली आता. ती शेड..."

"माझी थोडीच आहे, मामा? मोताराकीला विचारा."

"विचारलं. म्हणाले, विचार करू."

मुली बोटीत चढत होत्या. वासेमादा ओठ हलवत मोजत होती. सुनियाची मुलगी, मग जुळ्या, मग केलेरा, चटई काखेत, मागे न बघता. शेवटची पोर पाण्यात पडता पडता चढली.

"नऊ," वासेमादा म्हणाली. ती हसली वगैरे नाही. पुन्हा एकदा मोजलं. नऊच.

बोटवाल्याने इंजिनाची दोरी ओढली. मी वही काखोटीला मारून वळलो, तर ती अजून उभीच. हात कपाळावर आडवा धरून ती बोटीच्या मागच्या बाजूला, डब्यांच्या आणि गाठोड्यांच्या मधे बसलेल्या मुलग्यांकडे बघत होती. तिचे ओठ पुन्हा हलत होते.

"अकरा," ती म्हणाली. "लिही."

मी लिहिलं.